पंचावन्न इंचांची वास्तुशांत

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याच्या घरात 32 इंची टीव्ही आहे, ज्याला तो आजवर पुरत होता आणि ज्याच्या मेव्हण्याने नुकताच 55 इंची घेतला आहे. ज्यांची शेतं गोडाऊनखाली गेली आणि ज्यांच्या बंगल्याच्या हॉलात 85 इंची आधीच लागला आहे, त्यांनी ही पानं उलटून पुढे जावं. आपण बजेटवाले.

आता माझा अधिकार सांगतो. मी दापोड्याचा. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. हे नाव तुम्ही बहुधा वाचलेलं आहे, फक्त लक्ष दिलं नाही. घरी आलेल्या पार्सलच्या खोक्यावर, बारकोडच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत असतं: अमुक कंपाउंड, माणकोली–अंजूरफाटा रोड, गाव दापोडे. मुंबईत जकात होती तोवर नाक्याच्या आत माल ठेवण्यापेक्षा बाहेर ठेवणं परवडायचं. म्हणून आमच्या भाताच्या खाचरांत गोडाऊन उगवली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोडाऊन मात्र गेली नाहीत, उलट वाढली. आज आमच्या गच्चीवर उभं राहिलं तर पत्र्यांचा समुद्र दिसतो आणि त्या पत्र्यांखाली टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिनं थप्प्या लावून झोपलेली असतात. एवढ्या भांडवलावर आमचे सगळे नातेवाईक टीव्ही घेण्याआधी मला फोन करतात. आगरातल्या माणसाला मिठातलं कळणारच, असा त्यांचा हिशोब.

पायरी पहिली: बजेट ठरवा

बजेट म्हणजे तुम्ही टीव्हीवर खर्च करणार ती रक्कम नव्हे. टीव्ही हा नवरदेव आहे, त्याच्यामागे वऱ्हाड येतं. भिंतीचा माउंट, नवा पॉइंट, अर्थिंग, स्पाइक गार्ड, केबल, इंटरनेटचा वरचा प्लॅन आणि महिनाभरात साउंडबार. म्हणून खिशात 45,000 असतील तर दुकानात 34,000 सांगा. चौथा हिस्सा वऱ्हाडासाठी आधीच बाजूला काढा आणि ती रक्कम घरात कुणालाही सांगू नका, विशेषतः ज्याला सोफ्याची कव्हरं बदलायची आहेत त्याला.

मी हे केलं नव्हतं. मी 35,000 ठरवले आणि 33,999 चा टीव्ही घेऊन हजार रुपये वाचवल्याच्या आनंदात दोन प्लेट वडापाव आणले. शेवटचा हिशोब 43,748 वर थांबला, वडापाव धरले नाहीत.

पायरी दुसरी: भिंत मोजा (ही पहिल्या पायरीच्या आधी करायची होती)

टीव्हीचा इंच तिरका असतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. 55 इंची म्हणजे रुंदी साधारण 48 इंच, चार फूट. उंची 27 इंच. 43 इंची रुंदीला सव्वातीन फुटांच्या आत बसतो, 65 इंचीला पावणेपाच लागतात. खोक्यावर मात्र ठळक आकडा सेंटिमीटरमध्ये असतो. 55 इंचीवर 139 छापलेलं असतं. आमच्या काकांनी ते वाचलं आणि संध्याकाळपर्यंत काल्हेरपासून अंजूरफाट्यापर्यंतच्या नातलगांना कळलं, की आम्ही एकशे एकोणचाळीसचा घेतला. ती बातमी मी अजून दुरुस्त केलेली नाही.

किती मोठा घ्यावा याला गणित आहे. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि 1.6 ने भागा. आमच्याकडे आठ फूट, म्हणजे 96 इंच, उत्तर 60. थिएटरमध्ये बसल्यासारखं हवं तर आणखी कमी आकड्याने भागतात, मग उत्तर आणखी फुगतं. लक्षात घ्या, हे गणित कायम दुकानदाराच्या बाजूने झुकतं. दहा फुटांच्या हॉलला ते 75 इंची सुचवतं आणि तुमची आजी दोन फुटांवर पाट टाकून बसते हे त्याला ठाऊक नसतं.

खरा निकाल भिंत देते. आमची भिंत दार आणि खिडकीच्या मधली, चार फूट आठ इंच. तिच्यावर डावीकडे कॅलेंडर, मधे गणपती, उजवीकडे आजोबा. म्हणजे रिकामी जागा शून्य. गणपतीला दुसऱ्या भिंतीवर नेण्यास कुणाची हरकत नव्हती, तो सोशीक देव आहे. कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं, तिथेच ते वाचलं जातं. आजोबांच्या फोटोवर मात्र तीन दिवस बोलणी चालली. आजोबांना हयातीत दारामागे कुणी उभं केलं नव्हतं, मग फोटो कसा लावणार? शेवटी ते टीव्हीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर गेले. आता ते आमच्या डोक्यांवरून रोज मालिका बघतात. हयातीत त्यांना बातम्यांखेरीज काही चालत नसे.

उंचीही इथेच ठरवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पडद्याचा मध्य यावा, म्हणजे जमिनीपासून सुमारे 40 इंचांवर. आपल्याकडे टीव्ही देव्हाऱ्याच्या उंचीवर लावायची चाल आहे, भक्तिभावाने मान वर करून बघायचा. मानेचा डॉक्टर बजेटमध्ये धरला असेल तर जरूर लावा.

पायरी तिसरी: दुकानात जा, पण पोपटाकडे बघू नका

मोठ्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले असतात आणि सगळ्यांवर तेच चालू असतं: पोपट, कापलेलं कलिंगड, होळीचा रंग, समुद्रातला मासा. तो पोपट इतका हिरवा असतो की खरा पोपट त्याच्या शेजारी फिका पडेल. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावं म्हणून टीव्हीत खास दुकानासाठीची सेटिंग असते, तीत उजेड आणि रंग पार वर चढवलेले असतात. तुमच्या घरात पोपट नाही आणि ट्यूबलाइट एकच आहे. खिशातून पेन ड्राइव्ह काढा, त्यात एखादी अंधारातली दृश्यं असलेली चित्रफीत आणि क्रिकेटचा तुकडा भरून न्या आणि तोच लावायला सांगा. विक्रेता आढेवेढे घेईल. मग बाजूला सरकून, कोपऱ्यातून बघा. हे महत्त्वाचं. आपल्या घरी सामना असला की दोघं सोफ्यावर असतात आणि नऊ जण इकडेतिकडे जमिनीवर, खुर्चीच्या हातावर, दारात. व्हीए जातीच्या पॅनलचा काळा रंग समोरून छान गडद दिसतो, पण बाजूने बघितलं की रंग विटतो. आयपीएस बाजूने टिकतो, पण त्याचा काळा रंग करडा असतो. माणसं कुठे बसतात ते पाहून निवडा. पॅनल कोणता, असं विक्रेत्याला विचारा. तो म्हणेल, "ओरिजिनल."

बाकी अक्षरांना फार घाबरू नका. ज्याला आपण एलईडी म्हणतो तो एलसीडीच, मागे एलईडीचे दिवे. क्यूएलईडी म्हणजे त्याच एलसीडीला क्वांटम डॉटचा थर. रंग खरोखर खुलतात, पण जात तीच. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ. ओएलईडी मात्र वेगळ्या घराण्यातला, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्याचा काळा म्हणजे अमावास्या, किंमत बघून डोळ्यांपुढे येते तीही. स्वस्त टीव्हीवर एचडीआर लिहिलेलं असतं, त्यासाठी लागणारा उजेड मात्र त्याच्याकडे नसतो. 2 जीबी रॅम लिहिलेलं असेल तर वर्षभराने रिमोटचं बटण दाबून चहाला आधण ठेवता येईल. शक्य असेल तर जास्त रॅमचा घ्या.

पायरी चौथी: मुहूर्त

सप्टेंबर 2025 मध्ये घटस्थापनेच्याच दिवशी, 22 तारखेला, 32 इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 32 इंची आधीपासूनच 18 मध्ये होता. म्हणजे सरकारदरबारी तोपर्यंत आमचा जुना टीव्ही गरज होता आणि मेव्हण्याचा चैन. हिशोब सोपा आहे: करासकट 40,000 ला मिळणारी वस्तू 36,875 ला यायला हवी. दुकानात जुन्या किमतीची पाटी आणि तिच्यावर मारलेली लाल काट दिसली की हा भागाकार मनातल्या मनात करा. सूट कुणी दिली, दुकानाने की सरकारने, ते लगेच कळतं.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल दोन वाक्यं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना ठणकावलं होतं. व्याज कुठेतरी असतं, कधी सवलतीच्या रूपाने दुकानदार भरतो, कधी प्रोसेसिंग फीच्या रूपाने तुम्ही. शिवाय कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो तो वेगळा. दुकानदाराला एकच विचारा: रोख दिले तर किती?

जुना टीव्ही बदलीत देताना मन घट्ट करा. आमच्याकडे 32 च्या आधीचा, पाठीमागे कुबड असलेला 21 इंचीही माळ्यावर होता. त्याच्या काचेत शिसं असतं, तो भंगारवाल्याला देऊन फोडू देऊ नये. घेणाऱ्या कंपनीच्या ई-कचऱ्याच्या सोयीला द्यावा. पण त्याच्या डोक्यावर आजीने क्रोशाने विणलेला रुमाल असायचा आणि रुमालावर एक काचेचं बदक. गच्चीवरचा अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून बांधलेला, कावळा बसला की चित्रात मुंग्या यायच्या. नव्या टीव्हीची जाडी वरच्या कडेला बोटभर. बदक कुठे ठेवायचं, हा प्रश्न कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात घेतलेला नाही.

पायरी पाचवी: वाट बघा

ऑनलाइन मागवलात तर माल कुठून येतो ते दिसतं. माझा टीव्ही भिवंडीत होता. माझ्या खिडकीतून जे पत्रे दिसतात त्यांतल्याच कुठल्याशा पत्र्याखाली असणार. मला वाटलं, हातगाडी घेऊन गेलो तर पंधरा मिनिटांत आणीन. तसं होत नसतं. टीव्ही गोडाऊनमधून निघाला, ठाण्यापलीकडच्या छाननी केंद्रात गेला, तिथे एक रात्र राहिला, मग भिवंडीच्या वाटप केंद्रात परत आला आणि चौथ्या दिवशी टेम्पोत बसला. टेम्पोवाल्याचा फोन आला: "दादा, माणकोली नाक्याला अडकलोय." त्याला कुणी दोष देऊ नये. माणकोली नाक्याला सगळेच अडकतात. पूल झाले, मेट्रोचे खांब उभे राहिले, तरी कंटेनर वळायला लागला की नाका थांबतो. अडीच तासांनी टेम्पो आला.

या वेळी घरात एक जाणकार माणूस असावा. आमच्या शेजारचा दादूस गोडाऊनला लोडिंगचं काम करतो. दिवसभर टीव्हीच उचलतो. त्याच्या घरी 32 इंची आहे, केबलवर. तो अंगठीतला खडा पारखावा तसा खोक्याभोवती फिरला आणि म्हणाला, "आधी कोने बग, मंग सही कर." पुढचं ज्ञान सगळं त्याचं आहे आणि पूर्ण गंभीर आहे. खोकं आपटलं की आधी कोपरा दबतो. काही खोक्यांवर झटका बसला की लाल होणारं स्टिकर असतं, ते बघा. टीव्ही कायम उभा, बाणाच्या दिशेने, कधीही गादीवर आडवा टाकायचा नाही; पडद्यावर बोटं न टेकता दोघांनी कडेला धरून उचलायचा. खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा आणि टेम्पोवाला असतानाच टीव्ही चालू करून बघा. तडकलेल्या पडद्याची वॉरंटी नसते, हे कार्डावर लिहिलेलं असतं, अगदी शेवटी. आणि खोकं टाकू नका, निदान परत करायची मुदत संपेपर्यंत तरी. दादूस म्हणाला, परत आलेला माल खोक्याविना असला की त्याच्याकडे संशयाने बघतात, मग चूक कुणाचीही असो.

आजीने हे सगळं ओट्याजवळून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "यो टीवी हाय कं दार?"

पायरी सहावी: भोकं

लावून देणारा माणूस दुसऱ्या दिवशी येतो. मोफत असतो. कुठल्या कंपनीचा ते मी सांगत नाही, कारण त्याने सांगितलं ते मी नंतर अनेक घरांत, अनेक कंपन्यांच्या माणसांच्या तोंडून ऐकलं: साधा माउंट फुकट आहे, पण आज संपलाय, पुढे-मागे हलणारा आहे गाडीत, 1,400. इथे तुमच्याकडे आधीच आणलेला माउंट हवा. टीव्हीच्या पाठीला चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, 200 बाय 200, 300 बाय 300 असं काहीतरी. त्या मापाचा माउंट बाजारात निम्म्या किमतीत मिळतो. मी आणला नव्हता. वऱ्हाडातले पहिले पाहुणे आले.

भिंत कसली आहे ते भोक पाडायच्या आधी सांगा. भाजक्या विटेची असेल तर साधे प्लग चालतात. हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर लांब अँकर लागतात, नाहीतर बारा-चौदा किलोंचा टीव्ही गिलाव्यासकट खाली येतो. पावसात ओल धरणारी भिंत असेल तर विसरा, टेबलावर ठेवा.

मग वीज. सगळे म्हणतील स्टॅबिलायझर घे. हल्लीचे बहुतेक टीव्ही साधारण 100 ते 240 व्होल्टपर्यंत स्वतःच सांभाळून घेतात. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, वाचा. त्यांना भीती असते ती एकदम येणाऱ्या उसळीची. म्हणून खरं अर्थिंग आणि चांगला सर्ज प्रोटेक्टर. आमच्या बोर्डाला तीन भोकं होती, त्यातलं मोठं भोक भिंतीच्या आत कशालाही जोडलेलं नव्हतं. वीस वर्षं ते तिथे शोभेला होतं. वायरमनने नवीन पॉइंट आणि अर्थिंग मिळून 1,800 घेतले. हा एक खर्च मी आनंदाने केला. आणि वळवाच्या गडगडाटात प्लग काढा, डिशची तारही काढा.

पायरी सातवी: चित्र

टीव्ही पहिल्यांदा विचारतो, घर की दुकान? घर निवडा. मग पाऊण तास तो स्वतःला अद्ययावत करतो. घरची मंडळी तोवर एका टक्केवारीकडे बघत बसतात, 41, 42, 42, 42.

त्यानंतर केबल लावली आणि घरात शांतता पसरली. मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा पावसात भिजलेल्या रांगोळीसारखा दिसत होता. याचं कारण सांगतो, कारण ते कुणीच आधी सांगत नाही. साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीच्या चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 बिंदू असतात. 4के पडद्यावर 3,840 गुणिले 2,160, म्हणजे 82,94,400. भागून बघा, नेमकं 20. टीव्हीला एका बिंदूचे वीस करायचे असतात. दोघांच्या आमटीत पाणी घालून चाळीस पाहुणे जेवायला बसवले तर आमटीचं जे होतं ते सासूबाईंचं झालं. जुन्या टीव्हीचा हा काही गुण नव्हता, पडदा लहान होता म्हणून आमटी दाट लागत होती. उपाय: ज्या चार वाहिन्या खरोखर बघता त्यांच्या एचडी आवृत्त्या घ्या, बाकीच्या सोडा. इंटरनेटवरून 4के बघायचं तर 15 ते 25 एमबीपीएसचा वेग सलग मिळायला हवा आणि राउटर शेजारच्या खोलीत कपाटामागे असेल तर तो मिळत नाही.

आता मेनूत जा. चित्राचा प्रकार 'व्हिव्हिड' असेल तो बदलून सिनेमा किंवा फिल्ममेकर करा. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, घरचे ओरडतील, तिसऱ्या दिवशी डोळे बसतात. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. मग मोशन नावाचं काहीतरी असेल, प्रत्येक कंपनी त्याला निराळं गोंडस नाव देते. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. हे यंत्र मधली चित्रं मनाने बनवून घालतं आणि मोठ्या पडद्याचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा सुळसुळीत दिसू लागतो. 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझने, दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅकक्वारीला शेजारी घेऊन, ते बंद करा अशी लोकांना विनंती करणारी चित्रफीतच काढली होती. आमच्या काकांनी मी सांगून बंद केलं नाही, टॉम क्रूझचं नाव घेतल्यावर केलं.

आवाजाचं थोडक्यात: टीव्ही बोटभर जाड, स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून. संवाद भिंतीला ऐकू जातात. साउंडबार 5,499. टीव्हीमागच्या ज्या एचडीएमआय भोकाशेजारी एआरसी लिहिलंय तिथेच तार लावा; मी शेजारच्या भोकात लावून दोन दिवस साउंडबार खराब असल्याची तक्रार करत होतो.

पायरी आठवी: पहिला सामना

नऊ जण जमिनीवर, दोघं सोफ्यावर, आजोबा समोरच्या भिंतीवर, काचेचं बदक साउंडबारवर. सामना इंटरनेटवरून, पडद्यावर गवताचं पातंन् पातं दिसतंय. गोलंदाज धावत निघाला.

इंटरनेटवरचा सामना तुकडे करून येतो, ते तुकडे साठवून मग दाखवले जातात, त्यामुळे तो केबलच्या वीस-तीस सेकंद मागे असतो, कधी जास्तही. यावर कुठल्याही मेनूत उपाय नाही. आमचा गोलंदाज अजून धावतोच आहे, तेवढ्यात भिंतीपलीकडून, 32 इंची केबलवरून, दादूसचा आवाज येतो, "गेलाऽऽ!"